उभ्या पाखरांची नुकसानी

माझ्या नावापुढे आज बी. ए. ही अक्षरं लागतात ती ज्यांच्यामुळे, ते सोलापूरचे आमचे गार्डकाका. आईबापांचं देणं वेगळं, ते कुणालाच फिटत नाही. पण त्यांच्यानंतर मी कुणाचा ऋणी असेन तर या गृहस्थांचा. आणि पाखरांचा एवढा नाद असून पाखरांकडे जन्मभर फक्त पाठीमागून पाहिलेला दुसरा माणूस उभ्या मुलखात झाला नसेल, हेही मी छातीठोकपणे सांगतो.

काका रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा ते नोकरीतून सुटले होते. पण नोकरी त्यांच्यातून सुटली नव्हती. घराच्या मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि त्या ते परगावच्या विद्यार्थ्यांना देत. मी टेंभुर्णीपलीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी अक्षर फक्त देवाच्या तसबिरीखाली होतं. सोलापूरच्या हायस्कुलात नाव घातलं आणि वळकटी घेऊन खोली शोधत काकांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला जात, गाव, मार्क यांतलं काही विचारलं नाही. "चालता येतं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, रोज टेंभुर्णीच्या शाळेत चालतच जात होतो. मग म्हणाले, "आणि गप्प बसता येतं का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते न कळून मी गप्प राहिलो. काकांनी आत जाऊन किल्ली आणून दिली. भाड्याचं तुला जमेल तसं बघ, म्हणाले, पण रविवार माझा.

रविवार त्यांचा म्हणजे हिप्परग्याच्या तलावाचा. हा पाखरांचा नाद त्यांना मालगाडीनंच लावला होता. मेलगाडीला वाट द्यायची म्हणून मालगाडी कुठल्या तरी साइडिंगला तासन्‌तास उभी करून ठेवत. इंजिनाकडच्या माणसांना निदान एकमेकांशी भांडता तरी येई. गार्ड बिचारा एकटा, शेवटच्या डब्यात. रुळांच्या कडेला भरावासाठी माती काढलेले खड्डे असत, त्यांत पाणी साचे आणि त्या पाण्यावर पाखरं उतरत. काका त्यांच्याकडे बघत बसत. पण नीट बघायला लागावं तेवढ्यात गाडी हलायची, आणि मग खड्डा, पाणी, पाखरं सगळं मागे मागे जात लहान होत जायचं. नाही तर इंजिनाच्या शिटीनं पाखरंच उठून पलीकडे निघून जायची. कसंही झालं तरी काकांच्या वाट्याला यायच्या त्या पाठी. काकू म्हणायच्या, "उभा जन्म मागच्या डब्यात गेला. माणूसच उलटा झालाय." पण पहाटे उठून भाकरी थापायच्या त्याच, आणि संध्याकाळी आम्ही परतलो की दारातच विचारायच्या, "काय, माझ्या सवती बऱ्या आहेत ना?"

आमची रविवारची फेरी म्हणजे गाडीच असे. सर्वांत पुढे मी, म्हणजे इंजिन. माझ्यामागे पलीकडच्या खोलीतला विद्यार्थी, त्याच्यामागे दुपारच्या भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची घागर सायकलीवर लादून ती सायकल ढकलणारा जो कुणी त्या दिवशी सापडेल तो. आणि सगळ्यांच्या मागे, चांगलं अंतर ठेवून, काका. गळ्यात शिटी, एका काखेत तांबडी झेंडी, दुसरीत हिरवी. पाखरू दिसलं तर ते आधी मला दिसणार हे उघड होतं. मग मी हात वर करायचा. तो हात बघून काका तांबडी झेंडी दाखवायचे आणि शिटी फुंकायचे. आम्ही थांबायचो आणि पाखरू उडायचं.

एकदा चमच्यासारख्या चोचीची एक पांढरी जोडी अगदी काठाशी पाण्यात चोची फिरवत होती. तसली पाखरं मी आयुष्यात पाहिली नव्हती. हात वर झाला, शिटी वाजली, जोडी गेली. काका धापा टाकत पुढे आले तोवर आकाशात दोन ठिपके उरले होते. मी धीर करून म्हटलं, काका, शिटी नसती वाजवली तर? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी रूळ उखडून टाकायला सांगितले. "शिटीशिवाय थांबलेली गाडी म्हणजे अपघात," म्हणाले. आणि तुम्ही पुढे चाललात तर, असं विचारायची माझी कधीच छाती झाली नाही. गार्ड पुढे कसा चालेल?

पण म्हणून त्यांना पाखरं ओळखता येत नव्हती असं नाही. उलट, जाणारं पाखरू त्यांच्याइतकं कुणीच ओळखलं नसेल. शेपटी, मागे ताणलेले पाय, पंखांची लय एवढ्यावर ते नाव सांगत. पाण्यातून फुटक्या नगाऱ्यासारखा आवाज करत उडाला तो पाणकावळा. जाताना मागे शिव्या देत गेली ती टिटवी. समोरून पाहिलेल्या पाखरावर मात्र त्यांचा विश्वास नसे. "तोंड बघून माणूस फसतो," ते म्हणत, "पाठ खोटं बोलत नाही." एकदा एक खंड्या समोरच्या दगडावर येऊन आमच्याकडे तोंड करून बसला. शाळकरी पोरानंही ओळखावा असा तो निळा पक्षी, पण काका अस्वस्थ होऊन त्याच्याकडे बघत राहिले, आणि तो वळून उडाला तेव्हा म्हणाले, "अरेच्चा, खंड्या होता होय."

माणसांच्या बाबतीतही तेच. मंगळवारच्या बाजारात ते पुढे चाललेल्या माणसाला पाठीवरून ओळखून हाक मारत, आणि तो वळला की क्षणभर याला कुठं बरं पाहिलं असा चेहरा करत. काकूंचे सख्खे भाऊ अक्कलकोटहून आले, तेव्हा दार उघडून काकांनी त्यांना कोण पाहिजे असं विचारलं. ते मेहुणे रागावून जायला निघाले, अंगणाच्या टोकापर्यंत गेले, आणि मग काकांनी त्यांना नाव घेऊन मोठ्या प्रेमानं परत बोलावलं.

वेळेचं तर विचारूच नका. तलावावरच्या पाखरांचं एक वेळापत्रक काकांच्या डोक्यात पक्कं होतं. चक्रवाकांची जोडी उशिरा आली तर ते समजून घेत. वाटेत काही अडचण आली असेल, म्हणत. पण ती लवकर उठून गेली तर त्यांचा दिवस नासे. गाडी लेट होणं माणसाच्या हातात नसतं, पण वेळेआधी गाडी सोडणं हा गुन्हा आहे, असं ते त्या रिकाम्या पाण्याला सुनावत. वाटेतल्या बाभळींना त्यांनी स्टेशनांचा मान दिला होता. ज्या बाभळीखाली भाकरी सोडायची ती जंक्शन. तिच्या अलीकडे पोटात कितीही कावळे ओरडले तरी गाठोड्याला हात लावायचा नाही. जंक्शन आलं की मग कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा आणि काकूंनी मडक्यात बांधून दिलेलं दही. त्या चटणीपायी मी महिन्याचे चार रविवारच काय, आठवड्याचे सातही वार रविवार करायला तयार होतो.

एकदा त्यांच्या मनानं घेतलं की पाखरं उडतात ती शिटीमुळे नव्हे, आमच्या पांढऱ्या धोतरांमुळे. मग ते आम्हा सगळ्यांची धोतरं आणि टोप्या घेऊन साखर पेठेत एका तेलुगू रंगाऱ्याकडे गेले. मीही बरोबर होतो. काकांनी त्याला सांगितलं, तलावाच्या चिखलाचा रंग पाहिजे, आणि नमुना म्हणून खिशातून चिखलाचा गोळाच काढून त्याच्यापुढे ठेवला. रंगाऱ्यानं गोळा पाहिला, धोतरं पाहिली, काकांना पाहिलं. "मालक, पैसे कशाला देताय," म्हणाला, "नेसा की महिनाभर. आपोआप येतंय हा रंग." शेवटी त्यानं रंगवून दिली. पुढच्या रविवारी आम्ही चिखलरंगी होऊन तलावावर गेलो. शिटी वाजली. पाखरं उडाली. काका म्हणाले, रंग अजून थोडा गडद पाहिजे होता.

हे सगळं मी हसत सांगतो आहे. पण याच काकांनी मॅट्रिकच्या वर्षी माझं इंग्रजी रोज रात्री जेवणाआधी म्हणवून घेतलं. त्यांचं इंग्रजी गाडीपुरतं होतं, पण मी अडखळलो की त्यांना कळे. मी पुण्याला कॉलेजात जावं हे माझ्याआधी त्यांच्या मनात आलं. ते म्हणत, "मी पुण्याला इतक्यांदा गेलो की मोजदाद नाही. गाडी सोडायची, स्टेशनातल्याच रनिंग रूममध्ये झोपायचं, उलटी गाडी घेऊन यायचं. स्टेशनाबाहेरचं पुणं मी पाहिलं नाही. तू बाहेर पड." हेडमास्तरांना भेटून त्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी केली, एका वसतिगृहात राहण्याजेवण्याची सोय होईल असं पाहिलं. राहिला एक माणूस. आमचे आबा, माझे वडील.

आबांनी माझ्यासाठी वेगळंच ठरवलं होतं. गावचे एकजण गिरणीत होते. त्यांच्या ओळखीनं परीक्षा झाल्या झाल्या मला तिथे टाइमकीपर म्हणून चिकटवायचं. माघ महिन्यात, ज्वारी भरात असताना, राखणीवर चुलत्यांना बसवून ते मुद्दाम तेवढ्यासाठी सोलापूरला आले. माझी कॉलेजची गोष्ट निघाली तेव्हा ते चिडले नाहीत. ओसरीवर बसून काकांना शांतपणे म्हणाले, "गार्डसायब, पैशाचं मी बोलत न्हाय. सोलापुरात पोरगं ऱ्हायलं तर सनासुदीला घरी येतंय. पुन्याला गेलेलं माघारी येत न्हाय. आमच्या गावचं येक गेलं हुतं, आई मेली तरी आलं न्हाय." काकांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की उद्या रविवार आहे, पाहुणे तलावावर येतील का?

आबा म्हणाले, येऊ की. तिथे काय करायचं असतं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता पाहुण्यांचा मान म्हणून काकांनी त्या दिवशी एक अघटित गोष्ट केली. त्यांच्या मते गाडीतली सर्वांत मानाची जागा म्हणजे गार्डाची. ती त्यांनी आबांना दिली. शिटी दिली नाही, तेवढा परक्या माणसावर भरवसा नव्हता; पण तांबडी झेंडी आबांच्या हातात दिली आणि सांगितलं, पाखरं दिसली की फक्त ही वर करायची. आणि ते स्वतः चालत पुढे, माझ्या शेजारी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काका इंजिनाच्या जागी होते. त्यांना पुढे चालायची सवयच नव्हती, म्हणून ते सारखे मागे वळून बघत होते.

त्या दिवसांत तलावावर करकोचे येत. करड्या रंगाचे, उंच, गळ्याखाली काळे. सकाळी आसपासच्या रानांत चरायचे आणि ऊन चढलं की थव्यानं पाण्यावर येऊन उभे राहायचे. काकांनी त्यांना पाठमोरे कितीदा पाहिलं होतं, पण येताना कधीच नाही. आम्ही काठच्या झुडपाआड बसलो. आबा मागे एका दगडावर झेंडी घेऊन बसले होते. आधी आवाज आला, लांबून, आकाशातूनच कुणी घसा साफ करावा तसा. मग थवा दिसला. तो वर घिरट्या घेत, पाय खाली सोडत, सरळ आमच्या दिशेनं उतरू लागला. एक उतरला, दहा उतरले, काठ करडा होऊन गेला. आमच्यापासून दगडाच्या टप्प्यावर ते उभे होते, तोंडं आमच्याकडे करून. मी हळूच काकांकडे पाहिलं. त्यांनी शिटी हातात धरली होती, पण तोंडाला लावली नव्हती.

आणि मागून एकदम "हाऽऽ हुर्र!" अशी आरोळी उठली.

आबांच्या कमरेला गोफण होती. ज्वारीच्या दिवसांत ती त्यांच्या कमरेला असायचीच, सोलापूरला येतानाही सुटली नव्हती. जन्मभर ज्या पाखरांना शेतातून हाकलून घर चालवलं, ती थव्यानं समोर उतरलेली पाहिल्यावर त्यांचा हात झेंडीकडे जाणार कसा? गोफण गरगर फिरली, दगड सुंऽ करत आमच्या डोक्यावरून गेला आणि पाण्यात पडला. कुणाला लागला नाही. पण सगळा थवा एकदम उठला, इतका मोठा आवाज करत की मला खाली बसल्या जागी वारा लागला. बघता बघता तो तलावापलीकडे गेला.

पुणं संपलं असं मला वाटलं. ज्या माणसाच्या शब्दावर माझं सारं टिकून होतं त्याची इतक्या वर्षांची वाट माझ्याच बापानं उधळून लावली होती. काका हलले नाहीत. गेलेल्या थव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जिथे करकोचे उभे होते त्या रिकाम्या काठाकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "डोळे तांबडे आहेत रे त्यांचे. मला ठाऊकच नव्हतं."

तोवर आबा पुढे आले होते. आपण काय केलं ते त्यांना आमच्या तोंडांवरून कळलं होतं. आमच्याकडे एक रीत आहे. आपलं जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलं, तर मालकानं भांडायला यायची वाट बघायची नाही. आपणच त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, आणि तो सांगेल ती नुकसानी मान्य करायची. घासाघीस केली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आबांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"सायब, लुकसान झालं तुमचं," ते म्हणाले. "उभी पाखरं उडवली मी. काय आसंल ती लुकसानी सांगा. न्हाय म्हननार न्हाय."

मला वाटलं काका म्हणतील, अहो राहू द्या, पाखरंच ती. दुसरा कुणीही तेच म्हणाला असता. काकांनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंचायतीत बसल्यासारखे गंभीर होऊन म्हणाले, "या मुलाची चार वर्षं."

"म्हंजी?"

"पुण्याला. बी. ए. होईपर्यंत."

आबा मुंडाशाचा पदर बोटांनी उलगडत राहिले. मग म्हणाले, "ही लुकसानी लई हाय, सायब."

"पीकच तसं होतं."

हे आबांना पटलं असावं. त्यांनी मान हलवली. पण भीती अजून गेली नव्हती. "गेलं की माघारी येत न्हाय," ते पुन्हा म्हणाले, या खेपेला काकांना नव्हे, पाण्याकडे बघून.

"आत्ता उडाले ते दर साल येतात की नाही?" काकांनी विचारलं.

"येत्यात की. आन माजी ज्वारी खात्यात."

"मग हाही येईल. आणि तुमचीच ज्वारी खाईल."

आबांच्या मिशा जरा हलल्या. त्यांनी मुंडासं पुन्हा बांधलं, ते बांधायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि म्हणाले, "बरं. मान्य हाय." परत निघताना दोघे शेजारी शेजारी चालत होते. घरी काकूंनी दारात नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "बऱ्या आहेत. पाहुण्यांना भिऊन असतात."

जूनमध्ये मी पुण्याला गेलो. सुट्टीत गावी जाताना आणि येताना सोलापूरला उतरायचो. काका दर खेपेला थोडे वाकलेले दिसत. नंतर तलावापर्यंत चालणं त्यांना जमेना. ओसरीवर बसून ते वरून कुठला थवा गेला ते काकूंना सांगत, आणि काकू मान वर न करता, असेल, म्हणत. आता दोघेही नाहीत. तलावावर अजून पाखरं येतात असं ऐकतो. मीही एकदोनदा जाऊन आलो. पण शिटी न वाजवता पाखरं बघायची मला सवय नाही, आणि जवळ गेलो तरी ती उडत नाहीत यानंच चुकल्यासारखं वाटतं.

बी. ए.चा निकाल लागला तेव्हा मी गावी होतो. काकांना पत्र लिहिलं. पहिल्या खेपेला खाडाखोड फार झाली, म्हणून दुसऱ्या कागदावर स्वच्छ करून ते पाठवलं. खाडाखोडीचा कागद माझ्याकडेच राहिला, त्यावरून इथे उतरवतो आहे.

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परीक्षेत उतरलो. दुसऱ्या वर्गात आलो. काल तार आली. तारवाला गावात शिरला तेव्हा कुणीतरी गेलं असं समजून आई रडू लागली. तिला समजावून होईपर्यंत तार वाचायची राहूनच गेली. मग वाचली.

आबा रानात कुळव धरून होते. तिथे जाऊन सांगितलं. त्यांनी बैल थांबवले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की गार्डसायबाची नुकसानी फिटली का. मी म्हटलं, फिटली. ते म्हणाले, मग तसं त्यांना लिहून कळव, माणसानं माघारी कळवावं. म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे.

बार्शीच्या शाळेत जागा मिळण्यासारखी आहे. तिथून दर शनिवारी घरी येता येईल. हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बैल पुन्हा हाकले. रात्री जेवताना मी चौथी भाकरी मागितली, तेव्हा आईला म्हणाले, "वाढ. आलंय पाखरू ज्वारी खायाला."

काकूंना साष्टांग नमस्कार. लोभ असावा ही विनंती.

आपला,
ज्ञानू